बाबांच्या कानावरची पेन्सिल

सोमवार, १५ मार्च २००४, इचिकावा, जपान

हॉटेलला सुट्टी. शेजारच्या मोरीसानच्या शेडमध्ये बारीक करवतीवर फळीतून बाबांचा चेहरा कापत होतो. कानावरची पेन्सिल तिसऱ्यांदा तुटली. मोरीसान म्हणाले, "चिकटव की, कोण बघतंय?"

घरी पाठवली की बाबा बघतील. सुतार माणूस. "तुझ्या हातात सुतारकी नाही, जा, भांडी घास," म्हणाले होते. आणि आलो खरंच, इथल्या हॉटेलात जेवायला येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांची भांडी घासायला.

पेन्सिल लाकडाच्या रेषांना आडवी जात होती, म्हणून तुटायची. हे बाबांनीच सांगितलेलं, पण तेव्हा ऐकलं कुठे? नवी फळी फिरवून घेतली. पेन्सिल टिकली. चेहऱ्यावर मात्र रेषा तिरक्या आल्या.

मोरीसानच्या मोडलेल्या गोठ्याच्या फळ्यांची चौकट केली. खिळ्यांची भोकं तशीच ठेवली.

चेहऱ्याला बाबा नावं ठेवतील. पण आधी पेन्सिलीवर बोट फिरवतील. तेव्हा गप्प बसले तरी पुरे.