लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर

५ जानेवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

लिहिते लिहिते म्हणत दोन महिने घालवले. खोटं कशाला बोलू, कागद होता, पेन होतं, वेळही होता. पण पत्रात नोकरीचं सांगावं लागणार आणि ते वाचून तुम्ही दोन दिवस धड जेवणार नाही, म्हणून टाळत होते. तर आता सांगूनच टाकते. मी एका बेकरीची व्हॅन चालवते, आणि ती विजेवर चालते.

मामीने पाणी आणून दिलं का? प्या आधी.

राहायला बेकरीच्या वरचीच खोली आहे. खाली भट्टी, त्यामुळे फरशी चोवीस तास कोमट. एक मांजर भाडं न देता माझ्या गादीवर राहतं. त्याचा एक कान फाटलेला आहे, पण ती वेगळीच गोष्ट. हां, तर व्हॅन. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि ती सुरू व्हायची वाट बघत पाच मिनिटं बसून राहिले. ती सुरूच होती! दोनशे किलोमीटर जाईन म्हणते, थंडीत दीडशेवरच धाप लागते. म्हणजे बोलणं जास्त, चालणं कमी. माझ्यासारखीच.

पण चाळिशीच्या पुढे वेग गेला की कुठूनतरी बारीक कण्हते. कंपनीच्या माणसाने लॅपटॉप जोडला आणि गाडीत दोष नाही म्हणाला. मालकीणबाई म्हणाल्या, मग दोष तुझ्या कानात. माझे कान तुमच्या गॅरेजात घडलेत हे त्यांना काय माहीत? स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की तुम्हाला गाडीची कुंडली कळते. त्या लाकडी मुठीवर आपल्या दोघांच्या दातांचे ठसे आहेत, ते आहेत का अजून? दोन दिवस या ना, ऐकून जा.

लोभ करा. करवत नसेल तर मामीकडे ठेवायला द्या, ती जपून ठेवेल.
तुमची,
भिंगरी


१४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. जेवलो, दोन्ही वेळा. तुझ्या नोकऱ्यांची आता सवय झाली आहे. होडी झाली, द्राक्षांचा मळा झाला, आता हा मोठ्या चाकांचा मोबाइल.

विजेची गाडी धूर सोडत नाही म्हणतात. वीज काय आभाळातून पडते? कुठेतरी कोळसा जळतोच. म्हणजे आपल्या दारातला धूर उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला, एवढेच. बॅटरी म्हातारी झाली की तिचे काय करायचे, हे त्या लॅपटॉपवाल्याला विचार. मान खाली घालेल.

ते सोड. मागच्या आठवड्यात शाळेच्या हेडबाई नवी विजेची गाडी दाखवायला अंगणात घेऊन आल्या. मी वाकून काम करत होतो. त्यांनी मागे घेतली ती थेट माझ्या टाचेला टेकवली. आवाज नाही, सूचना नाही, मांजरासारखी गाडी. मी त्यांना चांगलेच सुनावले आणि सांगितले की असली मुकी गाडी पुन्हा या दारात नको. मुक्याचा वैद्य होणे मला जमायचे नाही. म्हणून येत नाही.

ठसे आहेत. तुझे दात तेव्हाही वाकडेच होते.

आशीर्वाद आहेत, रागही आहे. दोन्ही सांभाळून वापर.
तुझा,
मामा


२३ जानेवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

कोळशाचं पटलं. बॅटरीचं त्या लॅपटॉपवाल्याला विचारलं, त्याने खरंच मान खाली घातली.

एक विचारू? रागावू नका. हेडबाईंची गाडीही आमच्या व्हॅनसारखी विजेचीच ना? या गाड्या मागे घेताना पिप पिप करून ओरडतात. तो आवाज बंदच करता येत नाही. आमच्या गल्लीतली तान्ही मुलं त्याने दचकून उठतात. तुमच्या मागे ती ओरडली नाही का?

असो. मांजराला आज शिंका येतायत.

लोभ कमी करू नका.
भिंगरी


२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी तीनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि गॅरेजात जाऊन बसले. गाडी ओरडली होती गं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं, शेजारणीने गच्चीतून ऐकलं. फक्त यांनी ऐकलं नाही.

वर्ष झालं असेल. मी हाक मारते ती भिंतीला. ठीक आहे म्हणून परत दिलेल्या दोन गाड्या तशाच खडखडत पुन्हा आल्या. डॉक्टरकडे चला म्हटलं तर मलाच म्हणतात, तू पुटपुटतेस. आता नवीन टुमणं काढलंय की विजेच्या गाड्या आल्या, मेकॅनिकचं काम संपलं, महिनाअखेरीला पाटी उतरवायची आणि हत्यारं विकायची. खापर गाड्यांच्या माथी. पण हा माणूस गॅरेजशिवाय घरात बसला तर दोन महिन्यांत वाळून जाईल, आणि मला तेवढ्यात वेड लागेल. त्यांचं ऐकणारी तू एकटीच आहेस. काहीतरी कर. मी कळवलं हे सांगू नकोस.

जीव लावतेसच, थोडा वेळही लाव.
तुझी,
मामी


१७ फेब्रुवारी

ती. मामीला,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मामांना कार्ड टाकलं. कानाचा ‘क’ही काढला नाही. एवढंच लिहिलं की व्हॅनचं कण्हणं वाढलंय, आणि लाकूड कापायची मशीन शेजारी चालू असताना आपण काय करायचो ते आठवतं का?

तुला माहीत नसेल. त्या मशीनच्या गोंगाटात कोणालाच काही ऐकू यायचं नाही. मग मामा स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायच्या ऐवजी दातात धरायचे. एकदा मलाही धरायला दिली आणि इंजिन थेट माझ्या कवटीत बोलायला लागलं! मी घाबरून मूठ अशी चावली की ठसे उमटले. ऐकायला कानच लागतो असं कुठंय? आणि विजेच्या गाडीत इंजिनाचा दंगा नसतो. बारीकसारीक दुखण्याला लपायला जागाच नाही.

पण बारा दिवस झाले, उत्तर नाही. जास्तच बोलले का गं मी? डॉक्टरकडे तर न्यायलाच हवं, पण आधी…

थांब, खालून मालकीणबाई ओरडतायत. कोणी म्हातारा आलाय, विचारल्याशिवाय व्हॅन जॅकवर चढवलीय म्हणे. बघून येते.

मामी, मामा आलेत! तुला काय सांगून निघाले, हत्यारं विकायला? सगळी पिशवी इथे फरशीवर पसरलीय. आणि आले कशाने, तर विजेच्या बसने. मालकीणबाईंनी उतरताना पाहिलं. पुढचं डावं चाक हाताने फिरवतायत, स्क्रूड्रायव्हरचं टोक आत टेकवलंय, मूठ दातात. बोलता येत नाही म्हणून नुसती बोटं नाचवून मला पाना मागतायत, आणि डोळे असे हसतायत की काय सांगू.

लोभ असू दे, मी पळते. आणि मामी, त्या पाटीला हात लावू नकोस.
भिंगरी