खालची फांदी

रीडिंग, इंग्लंड, १२ मार्च २००६, रविवार

डोकं फिरलंय नुसतं. मागच्या गार्डनमध्ये इतकी वर्षं जमिनीत वाढवलेला माझा जपानी मेपल कालच खणून बोन्सायसाठी कुंडीत घेतला. खोड छान जाड झालंय. आता फांद्यांना तार बांधून वळण द्यायचं होतं. आज मी शॉपिंगला गेले, तेवढ्यात नवऱ्याने सगळ्यात खालची फांदी करवतीने उडवली. तीच, जिच्यावर अख्खं झाड बेतलं होतं!

"अगं, ऑफिसचे मित्र येणार होते. आता बघ, कसा शेप आलाय."

मला विचारायचं तरी? मित्रांना म्हणाला, "माझा बोन्साय." आणि मी काय केलं? चहा ठेवला.

खालची फांदी. नेमकी तीच.

मार्चमध्ये मेपल कापला की रस थांबत नाही. अजून गळतोय. त्याने खाली फडकं घातलंय, डेकिंगच्या लाकडी फळ्यांवर डाग पडू नयेत म्हणून.