मुक्ताच्या निबंधातली टाच

गुरुवार, दिवेलागण

म्हातारे, उद्या सूनबाई हे पान वाचून दाखवेल तवा "हे मी कवा सांगतलं?" असं म्हणशील. तूच सांगून राहिली अन् सूनबाई लिहून राहिली, ध्यानात ठेव.

नात मुक्ता अमरावतीच्या कॉलेजात लढायांचा अभ्यास करते. पावसानंतर काळ्या मातीतून रणगाडे कवा न्यावे, यावर तिनं निबंध लिहिला. सोमवारी फौजेच्या अफसरांपुढे वाचणार आहे. त्यात माझी टाच आहे! वावरात टाच दाबावी, पाणी वर आलं नाही तर बैलबंडी हाकावी, असं मी मोठ्या तोऱ्यात तिले सांगतलं होतं.

पण नाल्याकाठी अशीच टाच दाबून मी बंडी हाकली अन् ती आसापर्यंत फसली, हे काहून नाही सांगतलं? माती वरून वाळली होती, आत ओलीच होती. तिथं टाचेचं काम नाही, हातभर खोदून पाहा लागते. लाज वाटली का मले? माझ्या बंडीत कडबा होता. रणगाड्यात कोणाची तरी लेकरं बसतात.

शेवटी आता फोन लावला. सगळं ऐकून मुक्ता म्हणे, "आजी, अख्खा निबंध पुन्हा लिहा लागते वं! तीन दिवसांत कसा होईन?"

"रणगाडा फसल्यावर लिहिण्यापेक्षा बरं," मी म्हटलं. ती हसली नाही.

सूनबाई, सकाळच्या अमरावती बसच्या कंडक्टरजवळ ज्वारीच्या भाकरी अन् जवसाची चटणी दे. कुरड्या नको, लिहाले बसली की तळाले उठत नाही ते पोट्टी.