दुसऱ्याचा कोट, माझं माप

मी, खाली सही करणारा, पेशाने कटिंग मास्तर, राहणार स्वतःच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. दडपण आणायला घरात आहे कोण? बायको गेली, मूलबाळ झालं नाही, आणि संध्याकाळी मशीन थांबलं की खोली खायला उठते.

१. शिलाई मशीन खालच्या काजबटणवाल्या बाईंना द्यावे. त्यांची माझी कुरबुर कायमची. पण मी अंथरूण धरलं तेव्हा जिना चढून चौकशीला त्याच आल्या.

२. कात्र्या शिंप्यांच्या संघाला द्याव्यात. अध्यक्षांनी मात्र त्यांना हात लावू नये. कारण पुढे आहे.

३. काळा कोट धाकट्या भावाकडे आहे, तो त्याच्याकडेच राहावा. अध्यक्ष म्हणाले होते, "मास्तर, यंदा एका कारागिराचा सत्कार करतोय. त्याच्यासाठी झकास कोट शिवा." मी मनात म्हटलं, माझ्याशिवाय आहेच कोण! माप कोणाचं, हेही विचारलं नाही. आरशासमोर उभा राहिलो आणि स्वतःचंच घेतलं. सत्काराला पुकारा झाला तो धाकट्याचा. जन्मभर लोकांच्या फाटक्याला रफू करणारा हा! कोट मीच त्याच्या अंगावर चढवला. खांदे दंडावर उतरले, बोटं बाह्यांत गडप. लोक खो खो हसले. तो हळूच म्हणाला, "दादा, मस्त बसलाय." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही.

पुढच्याच रविवारी चर्चमध्ये प्रवचनाला बायबलातल्या हामानाची गोष्ट. राजा या आपल्या प्रधानाला विचारतो, ज्याचा सन्मान करायचा त्याला काय द्यावं? हामानाला वाटतं, मलाच! म्हणून तो राजवस्त्रं सुचवतो, राजाचा घोडा सुचवतो. आणि ज्या मर्दखयाला तो पाण्यात पाहतो, त्यालाच घोड्यावर बसवून नगरभर मिरवायची पाळी त्याच्यावर येते. मी तडक उठून बाहेर आलो. देवाला त्या दिवशी दुसरी गोष्ट सापडली नाही?

४. दुकान व खोली धाकट्या भावाला द्यावी. ही माझी माफी समजावी. तोंडाने मागवत नाही. ताठा अजून जात नाही मेला.

पुरवणी, सहीपूर्वी लिहिलेली. वकिलांनी दोन साक्षीदार मागितले. दूधवाला तयार झाला, दुसरा मिळेना. ओळखी उदंड, हक्काचं माणूस एक नाही. बाईंना मशीन मिळणार, म्हणून त्यांची सही चालेना. मग त्यांनीच मला न विचारता धाकट्याला बोलावून आणलं.

वकिलांनी त्याला बजावलं, "साक्षीदाराला काही घेता येत नाही. सही केलीत तर दुकान जाईल."

"जाऊ दे. दादाला साक्षीदार मिळत नाही म्हणजे काय? कुठे करू सही?"

वकील हसायलाच लागले. कलम चार रद्द झालं, तर दुकान कायद्याने जवळच्या वारसाकडे जातं. म्हणजे धाकट्याकडेच! मी मोठ्या तोऱ्यात द्यायला निघालो होतो. देवाने ते माझ्या हातून काढून घेतलं आणि त्यालाच दिलं. उपकार केल्याची ऐट मिरवायचीही सोय ठेवली नाही. माफी तेवढी रद्द होत नाही, असं वकील म्हणतात.

मला रडू आवरेना. पेन हातात तसंच राहिलं.

"रडून घे दादा, सही मग कर," धाकटा म्हणाला. "मी आज इथेच झोपणार आहे."

लिहून देणार: कटिंग मास्तर (सही)
साक्षीदार: १. दूधवाला (सही)
२. रफूवाला, मास्तरांचा सख्खा भाऊ (सही)
स्थळ: दुकानाच्या वरची खोली
तारीख: दोन ऑगस्ट, शनिवार