नऊ नंबरची टाकी

प्रिय अप्पा,

उद्या सकाळी मला तुमच्याच कारखान्यात जाऊन मॅनेजरसाहेबांना "नाही" म्हणायचं आहे. त्याआधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्ही जाऊन दोन वर्षं होत आली.

नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसला तुमच्या रंगाच्या कारखान्याचं काम मिळालं. प्रत्येक टाकीचं तापमान संगणकाच्या पडद्यावर दाखवायचं. कागदावर "टाक्या तेवीस" एवढंच लिहिलं होतं. तेवीस चौकोन हाताने कोण काढत बसणार? मी लूप लिहिलं, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची संगणकाला दिलेली आज्ञा. दर फेरीला एक चौकोन बनव, त्याला "टाकी" नाव दे, पुढे फेरीचा आकडा लाव. एक ते तेवीस, क्षणात उभे राहिले. किती खूश होते मी!

परवा चाचणीला पडद्यावर नऊ नंबर लाल झाला. तुमच्याबरोबर पाळी करणारे कदमकाका शेजारीच उभे होते.

"पोरी, नऊ कुठून आणलीस? ती भंगारात जाऊन जमाना झाला. दहा तापलीय ती."

"पण काका, टाक्या तेवीसच आहेत ना?"

"आहेत की. आठानंतर दहा, आणि शेवटची चोवीस. नऊ तापली म्हणून ओरडलीस तर आम्ही पळायचं कुठं? अप्पाची पोर ना तू? घरी काही बोलायचा नाही का तो?"

बोलायचात, अप्पा. नऊचा तळ अ‍ॅसिडने खाल्ला, ती कापून नेली, पण बाकीचे नंबर कुणी बदलू दिले नाहीत, कारण घाईत हात सवयीनेच चालतो. हे तुम्ही जेवताना सांगितलं होतंत. मी पुस्तकातून मान न काढता "हं" म्हटलं. तुम्ही तरी गप्प का बसलात? घरातली पहिली पदवी घेणारी मुलगी म्हणून मला इतकं जपायला नको होतं.

दुरुस्ती सोपी आहे. लूप तेच, फक्त नाव फेरीच्या आकड्यावरून न घेता टाक्यांच्या यादीतून उचलायचं. मी ती करूनही ठेवली. पण नोंदीचे फॉर्म माझ्या चुकीच्या नंबरांनी छापून झालेत. मॅनेजरसाहेब म्हणाले, "टाक्यांवरच नवे आकडे रंगवून घेऊ. तुम्ही फक्त तपासणीच्या कागदावर सही करा."

ऑफिसातले आमचे सर म्हणतात, "गिऱ्हाईकच म्हणतंय, तर तुला काय त्रास?"

पंधरा वर्षं जिला दहा म्हणत आले, तिला कदमकाका एका दिवसात नऊ म्हणतील? आणि घाईच्या वेळी चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला गेला तर?

आईला सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "नोकरी गेली तर दुसरी बघ. त्या माणसांना काही झालं तर काय बघशील?"

अप्पा, तपासणीच्या कागदावर माझ्या सहीशिवाय ही यंत्रणा सुरू होत नाही. चुकीच्या नंबरांवर मी ती सही करणार नाही. साहेब चिडले, सरांनी घरी बसवलं, तरी नाही. आणि यापुढे कुठल्याही कारखान्याचं काम आलं, तर आधी खाली उतरून तिथल्या माणसांना विचारीन, "तुम्ही याला काय म्हणता?" मगच पहिली ओळ लिहीन.

तुमची,
सुनीता