'न'ची जागा

प्रिय दादा,

जबड्याचं दुखणं कसं आहे, असं तू विचारलंस. गरम फडक्याने शेकते, घास बारीक घेते, जांभई आली की हनुवटीला हात लावते. उजवीकडचं कटकट वाजणं काही थांबत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही झोपेत दात खाता. दिवसा तरी दातांवर दात टेकवू नका. 'न' म्हणताना जीभ जिथे लागते, तिथेच ठेवा." आईला आंघोळ घालताना मी तसंच करते. बरं वाटतं.

हे पत्र टाकायचं नाहीच आहे, म्हणून सांगते. काल तू फोनवर म्हणालास, "आईला अजून वर्षभर तूच सांभाळ." हे सातवं वर्ष. जीभ 'न'वरच होती, तरी 'हो' म्हणाले.

'न'च्या पुढे 'को' म्हटलं तर जबड्याला चालेल का, हे बाईंना विचारायचं राहिलं.

तुझी,
धाकटी