दुसऱ्याच्या कागदावरची रेघ

सोमवार, ३ जून
आजही काही नाही! हॉस्पिटलातल्या चित्रकलेच्या खोलीत बाई तासभर कोऱ्या कागदासमोर बसून राहिल्या. मी हातात दिलेली पेन्सिल नुसती धरून. जन्मभर शाळेत शिकवलं, म्हणून अख्खा वॉर्ड त्यांना बाईच म्हणतो. नवरा गेल्यापासून तोंडातून शब्द नाही. दाराबाहेर त्यांचा मुलगा उभाच. "ताई, आई काही बोलली?" रोज तोच प्रश्न, आणि रोज माझी मान खाली.

डॉक्टर म्हणाले, शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर मागच्या इमारतीत हलवू. तिथून घरी गेलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

मंगळवार, ४ जून
मीटिंगमध्ये मोठ्या मॅडमनी विचारलं — कलेतून पेशंटना बोलतं करायला तुमच्या स्वभावातलं काय उपयोगी पडतं? संगीतवाला म्हणाला, विनोद. नाचवाली म्हणाली, धीटपणा. मी छाती फुगवून — संयम! सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आले आणि कुकरची शिट्टी होईना म्हणून नवऱ्यावर खेकसले. "हाच का तो संयम?" हसायला हवं होतं. रडू आलं.

बुधवार, ५ जून
कागद कोरा. मीच बोलत सुटले — रंग, खिडकी, वाट्टेल ते. शांतता मलाच सोसत नाही.

गुरुवार, ६ जून
काय करून बसले मी! आमच्या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात: पेशंटच्या कागदाला आपला हात लागता कामा नये. आणि मी बडबडता बडबडता बाईंच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, त्यांच्या कागदावर सरळ रेघ ओढली. वर म्हणते काय, "बघा, सोप्पंय! आता तुम्ही!"

बाईंनी हात मांडीवर घेतले. तोंड भिंतीकडे फिरवलं. इतके दिवस निदान कागदाकडे बघत तरी होत्या. तेही मी घालवलं. मुलाला काय तोंड दाखवणार? मागच्या जिन्याने पळाले. संयम म्हणे! उद्या शुक्रवार.

शुक्रवार, ७ जून
कालचाच कागद पुढे ठेवला. माफी मागायची होती. बसले तशीच, गप्प.

बऱ्याच वेळाने बाईंनी खोडरबर उचलला. माझी रेघ पार टोकापर्यंत खोडली. फुंकर मारली.

"दुसऱ्याच्या कागदावर लिहायचं नसतं. कळलं का?"

मी म्हटलं, "हो, बाई."